घणाखालचा हात

मथळा वाचून तुम्ही सरसावून बसला असाल. आता कुणाचा तरी हात चिरडणार, आरडाओरड होणार… तर आधीच सांगून टाकतो, हात चिरडत नाही. शेवटपर्यंत चिरडत नाही. ज्याचा हात होता तो माणूस, आमच्या कारखान्यातला दाऊदचाचा, गेला, पण पाचही बोटं धड घेऊन गेला. दुसरं असं की, पुरवणीतल्या असल्या लेखावर गोल चौकटीत पागोटंवाला भारदस्त फोटो असतो आणि खाली कधीही न भरून येणारी पोकळी असते. तेही इथे नाही. दाऊदचाचाचा फोटो कुणी कधी काढलाच नाही. आणि खालापूर-कर्जतकडचे मला ओळखणारे जे कोणी हे वाचत असतील, त्यांना वाटणार की गण्या लिहितोय म्हणजे नकला असणार. आहेत, हसा. मी आड येत नाही. पण त्या नकलांपायीच मला गेले काही दिवस कारखान्यात मान वर करून चालता येत नाही, म्हणून हे लिहायला घेतलंय.

बातमी काळूने आणली. काळू हा कागदाच्या कारखान्यातला माझा जोडीदार, वर डोंगरातल्या ठाकूरवाडीतला. मी राहतो मामाकडे, खालापुरात. रोज सकाळी वाडीतून उतरला की काळू मामाच्या अंगणात उभा राहून हाक मारायचा आणि मी आतून दाऊदचाचाच्या आवाजात ओरडायचो, "कोऽऽण हाय रंऽऽ?" मग तो हसायचा आणि आम्ही निघायचो. त्या दिवशीही त्याने हाक मारली आणि मीही तसाच ओरडलो, नाकातून, लांबवून. बाहेरून हसू आलं नाही. बाहेर येऊन बघतो तर काळू पायरीवर खाली मान घालून बसलेला.

"आता नको काढू तो आवाज," तो म्हणाला. "पहाटे गेला चाचा."

म्हणजे चाचा गेल्यावर त्याची पहिली नक्कल मी केली, त्याच्या मरणाची बातमी दारात येऊन बसलेली असताना. लाज सुरू झाली ती तिथून. पण त्या दिवशी मला वाटलं होतं, चुकून झालं, दोन दिवसांत विसरू…

आमचा कारखाना म्हणजे धुरांडंबिरांडं काही नाही. पाताळगंगेच्या काठाला एक लांब पत्र्याची शेड, एक हौद आणि भोवती चुन्याने गुळगुळीत केलेल्या भिंती. मुंबईच्या एका शेठने हातकागदाला बरे दिवस आलेत असं बघून तो काढला. जुनी गोणपाटं, तागाचे दोर, पनवेलकडच्या कोळ्यांची फाटकी जाळी, असलं सगळं यायचं. ते चुन्याच्या पाण्यात कुजवायचं, नदीत तुडवून धुवायचं, कुटून त्याचा लगदा करायचा, हौदात कालवायचा, आणि मग काड्यांच्या जाळीवर उचलला की कागद. ओला कागद कुंच्याने भिंतीला चिकटवायचा. हे भिंतीचं काम दाऊदचाचाची बायको करायची, आमची खतीजाचाची. ती रोह्याकडची, बोलायला धारदार, आणि तिने लावलेल्या कागदाला कधी सुरकुती नसायची. चाचाचं घराणं घाटावरच्या कागद्यांचं, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कागद करणाऱ्यांचं. शेठने त्याला शोधून आणला आणि शेडच्या मागेच राहायला दोन खोल्या दिल्या.

सगळ्यात मोठं काम कुटायचं. एक लांब तुळई, मधे खुंटीवर तोललेली. तिच्या एका टोकाला लाकडाचा भला थोरला घण, आणि दुसऱ्या टोकाला आम्ही दोघं, मी आणि काळू. आम्ही पायाने टोक दाबलं की घण वर जातो, पाय उचलला की धपकन खाली, खड्ड्यातल्या लगद्यावर. त्या खड्ड्याच्या काठाला, घणाच्या अगदी बाजूला, गोणपाटाची घडी घालून दाऊदचाचा बसायचा. घण वर असला की हात आत घालायचा, लगदा उलटायचा, हात बाहेर. म्हणजे दिवसभर त्याचा हात घणाखाली. आणि आमची तोंडं भिंतीकडे. वर टांगलेला दोर धरून आम्ही उभे, पाठीमागे काय चाललंय ते आम्हाला दिसायचं नाही. जे काही होतं ते आवाजावर. "उठव" म्हणाला की दाबायचं. "धर" म्हणाला की तसंच धरून ठेवायचं, तेवढ्यात त्याचा हात जाऊन यायचा. "सोड" म्हणाला की सोडायचं. उठव, धर, सोड. सकाळपासून दिवे लागेपर्यंत एवढेच तीन शब्द. मी कर्जतच्या शाळेत सातवी पास झालेला माणूस, तिथे बरीच मोठी पुस्तकं वाचली, पण इतक्या नेमाने मी दुसरं काही ऐकलेलं नाही.

आता नकलांचं सांगतो. शाळेत मी हेडमास्तरांच्या आवाजात दुसरीचा वर्ग सोडून दिला होता, तो किस्सा कर्जतमध्ये अजून सांगतात. स्टेशनमास्तर, पोष्टमन, तलाठी, कशेळ्याच्या बाजारात सुकी मासळी विकणारी म्हातारी, सगळी माझ्या गळ्यात राहायला. माझा बाप म्हणायचा की ह्या पोराला गावचे सगळे आवाज येतात, फक्त कामाला हाक मारली की ऐकू येत नाही. तेव्हा कारखान्यात आल्यावर आठ-पंधरा दिवसांत दाऊदचाचाही माझ्या गळ्यात आला. जेवणाच्या सुटीत मी खड्ड्याच्या काठाला त्याच्या गोणपाटावर बसलो, दाढी कुरवाळली आणि नाकातून लांबवत लांबवत म्हटलं, "उठऽऽव… धऽऽर… सोऽऽड रंऽऽ." काळू हसून हसून लोळला. हौदावरची माणसं हसली. चाचा भाकरी चावत बघत होता. खाऊन झाल्यावर पाणी प्यायला, आणि विचारलं, "माझं नाक येवढं बोलतं होय?"

"येवढंच बोलतं चाचा," मी म्हटलं.

"मग तोंडाला कामच नाय," तो म्हणाला. "बरं, आता चाचीचा काढ." मी चाचीचा काढला आणि चाची हातात कुंचा घेऊन आली. चाचा एवढा हसला की त्याला ठसका लागला.

ही पहिली नक्कल. ती सगळ्यांना आवडली म्हणून मी तीच करत राहिलो, आणि रोज थोडं मीठ जास्त टाकत गेलो. नाक थोडं आणखी, "रं" थोडा आणखी लांब. नकलाकाराचं असंच असतं, काल जिथे हसले तिथे आज हसले नाहीत तर त्याला झोप लागत नाही. काम करतानासुद्धा माझं तोंड चालू असायचं. भिंतीकडे तोंड करून मी तलाठ्याचा आवाज काढायचो, काळू फिदीफिदी करायचा, आणि पाठीमागून चाचा ओरडायचा, "धर म्हणतो ना रं. धर."

मग चाचाचा घसा बसला. आधी वाटलं, सर्दी. चाची त्याला ज्येष्ठमध द्यायची, गरम पाण्याच्या गुळण्या करायला लावायची. आवाज घोगरा झाला, मग फाटका, मग नुसती हवा. पनवेलच्या डॉक्टरने आत दिवा टाकून बघितलं आणि घशात गाठ आहे म्हणाला. मुंबईला न्या म्हणाला. चाचा नाही म्हणाला. म्हणजे मान हलवली.

त्याला भीती गाठीची नव्हती, खड्ड्याची होती. शेठला कळलं की ह्याला बोलता येत नाही, तर तो दुसरा कागदी आणणार. दुसरा आला की खड्डा त्याचा, आणि मागच्या दोन खोल्याही त्याच्याच. चाचाने आयुष्यभर दुसरं काही केलं नव्हतं, आणि मरायचं तर कागद कुटताना, हे त्याने धरूनच ठेवलं होतं. मी म्हटलं, चाचा, मी बसतो तुमच्या बाजूला. तुमचा हात बघतो आणि तीन शब्द मी म्हणतो. माझ्या जागी तुळईवर काळूचा भाऊ येईल.

पहिल्या दिवशी मी माझ्याच आवाजात म्हटलं. "उठव." घण उठला. "धर." चाचाने हात घातला, काढला. "सोड." घण तसाच वर. मी पुन्हा म्हटलं, सोड. काही नाही. उठून बघतो तर काळूचे पाय दाबलेले, घामाने डबडबलेला, आणि सोडत नाही.

"तुझ्या सोडवर माझा पाय निघत नाय," तो म्हणाला. "तू थट्टेत म्हणशील. खाली त्याचा हात हाय."

मी रागावलो, शपथ घेतली, आईची घेतली. तो म्हणाला, "आईची तर तू रोज घेतोस." चाचाने मला बोटाने खूण केली. आधी स्वतःच्या घशाकडे, मग माझ्या घशाकडे. म्हणजे माझा काढ. मी चाचाचा आवाज काढला आणि काळूचा पाय लगेच निघाला. घण धपकन पडला. असं आमचं सुरू झालं. माझ्या खऱ्या आवाजावर कुणाचा भरवसा नव्हता, आणि खोट्यावर एका माणसाने आपला हात टाकला होता. तेव्हा मला ह्याची लाज वाटायला हवी होती. मला अभिमान वाटला. मी कर्जतला जाऊन सांगितलं.

शेठ आला तो दिवस तर मी कधी विसरणार नाही. त्याला कुठून तरी कुणकुण लागली होती. चाचाने चुन्याची धूळ उडते म्हणून तोंडाला फडकं बांधलं, मी गोणपाटांच्या ढिगामागे, फटीतून त्याचा हात बघत, आणि घण चालू. शेठ छत्री टेकून खड्ड्याजवळ उभा राहिला. "काय दाऊदमियाँ, तब्येत कशी आहे?" हे ठरलेलं नव्हतं. मी ढिगामागून म्हटलं, "मजेत हाय शेठ. तुमचा पत्रा पडंस्तवर कुटीन." चाचाने मान डोलावली, बरोबर वेळेला. शेठ खूश झाला. "आवाज अजून खणखणीत आहे," म्हणाला आणि गेला. चाचा फडक्याआड हसत होता, नुसती छाती हलत होती. मग त्याने खड्ड्याच्या काठावर दोन बोटं हळूच टेकली, दोनदा.

ही दोन बोटं तो रोज टेकायचा. मला अर्थ माहीत होता. हळू. आवाज खाली घे. हे मी इथे साफ लिहितो, नंतर कुणी म्हणायला नको की ह्याला कळलं नसेल. कळत होतं. पण हळू म्हटलं की हौदावरची माणसं हसायची नाहीत, आणि मला त्यांचं हसू हवं असायचं. मी एकदा दोनदा आवाज खाली घ्यायचो आणि पुन्हा नाकात चढायचो…

ह्या हिवाळ्यात चाचा गेला. आदल्या दिवसापर्यंत खड्ड्यावर बसला होता. शेठने अजून दुसरा कागदी आणलेला नाही. लगदा उलटायला हौदावरचा एकजण बसायचा, आणि हाकारा मीच द्यायचो, दाऊदचाचाच्या आवाजात. कारण पायांना तीच सवय. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. उलट माणसं म्हणायची, गण्या, तू आहेस म्हणून चाचा अजून कारखान्यात आहे बघ. हे ऐकून मी फुगलो होतो, खोटं कशाला बोलू.

चाचाच्या चाळिसाव्या दिवशी चाचीने सगळ्यांना जेवायला बोलावलं. मागच्या अंगणात चटया घातल्या होत्या. भिंती मोकळ्या, एकही कागद लावलेला नव्हता. मौलवींनी फातिहा वाचली, मग पानं मांडायला लागले. एवढ्यात चाचीने दारातून मला खूण केली. आत गेलो. खोलीत तिच्या बाजूला चाचाची ती गोणपाटाची घडी, खड्ड्यावरची, आणून ठेवलेली होती. मधे बसायचा खोलगा पडलेला.

ती म्हणाली, "गण्या, एक काम हाय. जाताना ते मला बोलले नाय. बोलायचं होतं, ओठ हालत होते, मी कान लावला पण आवाजच नव्हता. साल उलटून गेलं, मी त्यांचा आवाज ऐकला नाय. तुला येतो म्हणतात सगळे. एकदा मला हाक मार, ते मारायचे तशी. मग मी काय मागणार नाय तुझ्याकडं."

मी विचारलं, "कशी मारायचे?"

"अगं ऐक, म्हणायचे. येवढंच."

मी घसा साफ केला. खरं सांगतो, मनातून मी खूश होतो. मला वाटलं, आज माझ्या हातून एक पुण्य होणार, ही रडेल, मला आशीर्वाद देईल. डोळे मिटले आणि म्हटलं, "अगंऽऽ ऐऽऽक गंऽऽ."

बाहेर काळू हसला. त्याचा दोष नाही, त्याला सवय. त्याचं ऐकून दुसरा हसला, मग अख्खं अंगण हसलं. चाची माझ्याकडे बघत होती. तिच्या तोंडावर राग नव्हता, ती वाट बघत होती. जणू मी अजून सुरूच केलं नाही.

मी पुन्हा केलं. नाक कमी केलं. पुन्हा तेच, फक्त बारीक. तिसऱ्यांदा मी मनात चाचाला शोधायला लागलो. पहिल्या दिवसाचा चाचा, घसा बसायच्या आधीचा, मला पहिल्यांदा "ये, बस" म्हणालेला. ओठ दिसले, दाढी दिसली, भाकरी दिसली. आवाज कुठेच नाही. जिथे तो असायला हवा होता तिथे मीच बसलो होतो, नाकातून ओढत. इतकी वर्षं तो माणूस माझ्या पाठीमागे बोलत होता, आणि मी जे उचललं ते लोकांना हसवण्यापुरतं. बाकीचं मी ऐकलंच नव्हतं. तिसऱ्यांदा माझ्या तोंडून काही निघालं नाही.

"बस," चाची म्हणाली. "राहू दे."

मी म्हटलं, "चाची, माफ करा."

"माफी कशाची मागतोस? नक्कल केलीस म्हणून? तुझ्या नकलेला ते हसायचे, घरी येऊन मला सांगायचे. पण तुला काय वाटलं, ते असे बोलायचे?" आता तिचा आवाज चढला, आणि बाहेर सगळे ऐकत होते, मलाही ते माहीत होतं. "तुझा कारखाना नव्हता तेव्हा घाटावर आमच्या घरी घण होता. माझं लगीन झालं आणि तुळईवर पाय मी दिला. वर्षानुवर्षं मी दिला. ते खड्ड्यावर, मी भिंतीकडं तोंड करून. आणि सोड असं हळू म्हणायचे, असं हळू, की मी श्वास धरून उभी राहायची. ज्याचा हात खाली हाय तो वरडंल कशाला? तुमी दोघं हसत होता, तोंड वाजवत होता, म्हणून त्यांना वरडायला लागलं. घसा फोडून वरडायचे ते, रोज. आणि तुला तेवढंच ऐकू आलं. तेच तू उचललंस, आणि आता सगळ्या गावाच्या कानात तेच बसलंय. माझ्यासुद्धा. रात्री आठवायला जाते आणि तुझं नाक आठवतं मला."

गोणपाटाची घडी तिने उचलली आणि माझ्या हातात दिली.

"उद्या हे घेऊन तू बस खड्ड्यावर. हात तू घाल. पाय काळू देईल. आणि सोड तुझं तू म्हण, बघू किती लांबवतोस. आता जा, पान वाढलंय, जेव. आणि जेवताना कुणाचा आवाज काढू नको. तुझा असला तर काढ."